खापरीच्या बेटावर दहावा दिवस

फोटो काढायला लोकांना बेटावर घेऊन जाते असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, अंदमान का? मी म्हणते, नाही, बदलापूरच्या पुढे. मग समोरच्याचा चेहरा पडतो. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण आमच्या उल्हासनगर-अंबरनाथकडच्या माणसांना पाहूनच कुणीतरी केली असावी. जांभूळ गावच्या केंद्रात शुद्ध होऊन नळातून घरात येणारं पाणी ज्या धरणातून निघतं, ते धरण इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलं नसतं. त्या पाण्यात बेट आहे हे तर कुणाच्या गावीही नसतं.

पावसाळ्यात धरण भरत आलं की फुगवट्याचं पाणी मागच्या खोऱ्यात शिरतं आणि तिथल्या टेकड्यांना वेढा घालतं. खापरी ही त्यातली सगळ्यात मोठी टेकडी. काळा कातळ, कमरेइतकं गवत आणि एका अंगाला सरळ पाण्यात उतरलेला कडा. एके काळी वर वस्ती होती. धरण झालं तेव्हा खालची शेतं आणि निम्मी घरं पाण्यात गेली, उरलेली माणसं सामान उचलून काठावरच्या गावात आली. उन्हाळ्यात चिखलातून चालत खापरीवर जाता येतं. श्रावणानंतर होडीशिवाय इलाज नाही. हवेचा तर काही भरवसाच नाही. धुकं आलं म्हणून कॅमेरा काढावा तर ऊन पडतं, उन्हासाठी लेन्स बदलावी तर सर येते. माझ्यासारख्या माणसाला म्हणूनच ती जागा आवडायची. आवडायची असंच आता म्हणावं लागतं.

माझा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे, आणि भिंतीवर लावायला मेलेल्या माणसांचे मोठे केलेले फोटो, यावर आमचं पोट चालतं. दिवसभर ट्यूबलाइटखाली 'हनुवटी खाली घ्या' म्हणून म्हणून जीव विटला, तेव्हा मी पावसाळ्यात चार-पाच हौशी लोकांना घेऊन खापरीवर जायला लागले. निसर्गाला हनुवटी नसते. ही हकिकत २६ जुलैच्या त्या मोठ्या पुराच्या दुसऱ्या वर्षीची, गणपती नुकतेच गेले होते तेव्हाची.

या वेळी माझ्याबरोबर तिघे होते. हरीशभाई माझ्याच गल्लीतले सिंधी, जीन्स शिवण्याचा कारखाना चालवतात. त्यांनी नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि प्रत्येक फोटो काढला की तो लगेच सगळ्यांना दाखवत होते. मोरेकाका अंबरनाथच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेले, आमच्याच बौद्ध समाजातले, कमी बोलणारे. आणि प्राजक्ता, बदलापूरला बँकेत नोकरी करणारी मुलगी, शिकायची फार घाई असलेली. मी स्वतः अजून रोलवरच काढत होते. धुऊन आल्याशिवाय काय मिळालं ते कळत नाही, याची मला सवय होती आणि खरं सांगायचं तर गोडीही होती.

काठावर

शनिवारी दुपारी गावात पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण आभाळ उघडलं नव्हतं. आमचं उतरण्याचं ठिकाण ठरलेलं होतं, बाळारामचं घर. बाळाराम शेती करतो, धरणात मासे धरतो, आणि आम्हाला होडीतून बेटावर नेतो. दर वेळी जीपचा आवाज ऐकून त्याची आई ओटीवर यायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "आली गं बाय फोटोवाली." त्या दिवशी कुणी आलं नाही.

बाळाराम ओटीवर घोंगडीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "आय गेली, ताई. उद्या दहावा."

"अहो, निरोप तरी पाठवायचा. आम्ही आलोच नसतो."

"निरोप कशापायी? मला उद्या खापरीवर जायाचंच हाय. आयनं सांगून ठेवलंय, माझं पान खापरीवर ठेव. लगीन होऊन ती तिथं आली व्हती ना. होडी जानारच. तुमी बसा."

मी परत जायचं म्हणून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. आत मागच्या दारापाशी एक बाई आमच्याकडे पाठ करून बसली होती. ती त्याची थोरली बहीण यमुनाताई, अंबरनाथला दिलेली. मी नमस्कार केला, तिनं मान हलवली. बाळारामकडे मात्र तिनं एकदाही पाहिलं नाही. तो आत पाणी आणायला गेला तेव्हा तिनं साडीचा पदर आवरून घेतला, जसा आपण अनोळखी माणूस शेजारून गेला की घेतो तसा.

सुतकामुळे त्या घरी चूल पेटत नव्हती, शेजारपाजारचे डबे येत होते. आमचीही सोय शेजारच्या सुगंधाबाईंकडे झाली. तांदळाच्या भाकऱ्या, दुधीची भाजी आणि सुक्या जवळ्याची चटणी. हरीशभाईंनी घरून दाल-पकवान आणलं होतं, ते कडक पकवान मोडताना सुगंधाबाईंना फार नवल वाटलं. जेवताना त्यांनीच सगळं सांगितलं. म्हातारीच्या छातीत कफ झाला होता. यमुनाताईचा रोज निरोप यायचा, आईला अंबरनाथला आण, इथं डॉक्टर आहे. बाळाराम म्हणायचा, पाऊस जरा कमी होऊ दे, रस्ता खराब आहे, ओली होईल. पाऊस कमी झाला नाही. शेवटी जीप आणली तेव्हा म्हातारी वाटेतच गेली.

"बहिनीनं बोलनंच टाकलंय त्याच्याशी," सुगंधाबाई म्हणाल्या. "आन त्याच्या डोक्यात बसलंय, आय माझ्यावं रागं भरून गेली. जेवत नाय, झोपत नाय. उद्या कावळा पटकन शिवला म्हंजे सुटंल बिचारा."

"आमच्यात हे नाय," हरीशभाई म्हणाले. "बारव्या दिवशी पगडी. मोठ्या मुलाच्या डोक्यावर पगडी बांधली, खल्लास. दुसऱ्या दिवशी दुकान चालू. कौवा-बिवा काय नाय."

आमच्यातही नाही. माझी आई गेली तेव्हा घरी पुण्यानुमोदन झालं. भन्ते आले, वंदना झाली, चार जण चार शब्द बोलले, सगळे जेवले. माझे वडील तर कावळ्याची वाट बघत बसणाऱ्या शेजाऱ्यांना उघड हसायचे. आई माझ्यावर नाराज होऊन गेली का, हे तिला विचारायची सोय आमच्याकडे नव्हती आणि त्या वेळी मला ते बरंच वाटलं होतं. सुगंधाबाईंच्या ओसरीवर बसून मात्र मला पहिल्यांदा वाटलं की विचारून काहीतरी उत्तर येत असेल तर माणूस कावळ्याचीसुद्धा वाट बघेल.

संध्याकाळी काठावर थोडे फोटो काढले. मोरेकाका चिखलात घसरले आणि कॅमेरा वर धरून बसकण मारली. कॅमेरा वाचला, कंबर दुखावली. प्राजक्ताच्या स्टँडचे पाय गाळात इतके रुतले की काढताना एक तुटला. एरवी अशा गोष्टींवर आम्ही रात्रभर हसलो असतो. दक्षिणेकडे बदलापूरच्या पलीकडे चंदेरीचा सुळका एकदा दिसला आणि लगेच ढगात गेला. मधोमध खापरी उभी होती, पाण्यापेक्षा काळी.

पाण्यावर

रविवारी सकाळी काठावर विधी झाले. बाळारामनं डोकं भादरलं होतं, त्यामुळे तो एकदम लहान दिसत होता. गुरुजींनी मंत्र म्हटले, भाताचे पिंड केले, केळीच्या पानावर आईला आवडायचं ते वाढून झालं. भात, वाटाण्याची उसळ, गुळाचा खडा आणि चहाची कपबशी. म्हातारीला चहा फार लागायचा.

गुरुजी म्हणाले, "बाळाराम, ऐक माझं. पान इथंच ठेव. बघ किती जमलेत."

खरंच जमले होते. आंब्याच्या फांदीवर, कुंपणावर, पडक्या भिंतीवर, जिकडे बघावं तिकडे कावळेच. त्यांना दहावा कळतो. एक तर उड्या मारत पानाच्या अगदी जवळ आला. बाळारामनं पटकन खांद्यावरचा टॉवेल पानावर टाकला आणि हात उगारून त्याला हाकललं. "हाड! आय खापरीवर बोलली व्हती. हितं नाय."

दहाव्याच्या दिवशी कावळ्याला हाकलणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. गुरुजी मान हलवत हात धुवायला गेले. होडीत बसायला त्यांनी साफ नकार दिला. वारा बरा नव्हता, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

होडीत आम्ही सहा जण होतो. बाळाराम वल्ह्यांवर, त्याच्याकडे पाठ करून मागच्या टोकाला यमुनाताई, तिच्या मांडीवर टॉवेलनं झाकलेलं पान, आणि मध्ये आम्ही चौघं, कॅमेऱ्यांच्या बॅगा पोटाशी धरून. पाणी शिसवी रंगाचं झालं होतं. बुडालेल्या झाडांचे शेंडे अधूनमधून वर आलेले, त्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. प्राजक्ता हळूच मला म्हणाली, "मॅडम, हे चालतात का?" मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

मी एका माणसाच्या दुःखात चार कॅमेरे घेऊन घुसले आहे, हे मला आता टोचायला लागलं. पण पाण्याच्या मध्यावर आलेल्या होडीतून उतरता येत नाही.

खापरी

वस्तीच्या जागी आता घरांची जोती तेवढी उरली आहेत. तेरड्यानं ती सगळी झाकून टाकली होती, गुलाबी आणि ओली. बाळारामनं आपल्या घराचं जोतं बरोबर ओळखलं. तिथून जरा पुढे कड्याच्या बाजूला सपाट कातळ आहे, त्याची आई तिथं भात वाळत घालायची. त्यानं तिथं पान ठेवलं, टॉवेल काढला, हात जोडले आणि आम्ही सगळे मागे सरकलो.

मग वाट बघणं सुरू झालं.

माझं कामच वाट बघण्याचं आहे. टूरवर येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच शिकवते: उजेड येईल तेव्हा येईल, आपण तयार राहायचं. म्हणून तिघांना घेऊन मी जरा वरच्या अंगाला गेले, स्टँड लावले आणि आम्ही उजेडाची वाट बघू लागलो. खाली बहीण-भाऊ दोन दगडांवर बसले होते, मध्ये अंतर ठेवून. धुकं आलं, गेलं. दुपार झाली, कलली. एक बारीक सर आली. बाळारामनं पानावर छत्री धरली, मग कावळा छत्रीला घाबरेल म्हणून काढून घेतली. भात भिजला.

आणि मग तो उजेड आला. ढगाला पश्चिमेकडे भोक पडलं आणि एक लांब पिवळा पट्टा पाण्यावरून सरकत बेटावर चढला. तेरडा पेटल्यासारखा दिसू लागला, कातळ चमकायला लागला. हरीशभाई ओरडले, प्राजक्ता धावत सुटली. इतकी वर्षं मी खापरीवर येत होते, असा उजेड मला कधी मिळाला नव्हता. पट्टा बरोबर त्या सपाट कातळावरून गेला. भादरलेल्या डोक्याचा माणूस, हात जोडलेले, समोर हिरवं पान.

"मॅडम, फक्त एक," प्राजक्ता म्हणाली. "पाठीमागूनच."

"नाही," मी म्हटलं. तिचं तोंड उतरलं. मी स्वतःही कॅमेरा खाली ठेवला आणि त्या उजेडात सगळं बेट नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आकाशात दोन घारी होत्या, कड्यावर बगळे होते, गवतात टिटवी ओरडत होती. कावळा एकही नव्हता. आजच नाही, मला खापरीवर कधीच कावळा दिसलेला नव्हता. कावळा माणसाच्या मागे मागे राहतो. जिथं चूल नाही, उष्टं नाही, तिथं तो कशाला येईल? माणसं इथून उठली तेव्हाच कावळेही उठले. पलीकडच्या रानात डोमकावळे असतील, पण असल्या वाऱ्यात एवढं पाणी ओलांडून ते भातासाठी येणार नव्हते. आणि जे यायला टपून बसले होते त्यांना बाळारामनं काठावरच हाकलून दिलं होतं.

हे त्याला जाऊन सांगावं का? सांगितलं तर निदान आई रागावलेली नाही, इथं कावळाच नाही, एवढं त्याला कळेल. पण मग आईची शेवटची इच्छा पाळायला म्हणून त्यानं तिला जिथं आणलं, तिथंच ती उपाशी राहणार, हेही कळेल. मी बराच वेळ तिथंच उभी राहिले. शेवटी पाय निघाले ते उजेड गेला म्हणून आणि ईशान्येकडून आभाळ भरून आलं म्हणून.

खाली पोचले तेव्हा बाळाराम पानाशी बोलत होता. आधी हळू, मग मोठ्यानं.

"आय, यमीला दिवाळीला आनीन. तिच्या पोरांचं करीन. आय, दारूला शिवनार नाय." थांबून तो आकाशाकडे बघायचा आणि पुन्हा सुरू करायचा. सगळं कबूल करून झालं. मग तो गुडघ्यावर बसला. "आय, मी उशीर केला. मला वाटलं रस्त्यानं तू भिजशील. माझ्या ध्यानातच आलं नाय गं. उशीर केला मी."

यमुनाताई दगडावर बसून पाण्याकडे बघत होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

वारा वाढला. पाण्यावर पांढऱ्या रेघा उठायला लागल्या. हरीशभाईंनी बॅग आवरली होती. "मॅडम, बोलो ना उसको. होडी उलटली तर? मला पोहता येत नाही."

मोरेकाका पुढे झाले आणि शांतपणे म्हणाले, "बाळाराम, तुमच्यात अशा वेळी दर्भाचा कावळा करून शिववतात ना? माझ्या कंपनीतल्या एकानं केलं होतं."

बाळारामनं वर पाहिलं. "गवताचा कावळा मीच करायचा, मीच शिवायचा. आन आयनं मला माफ केलं असं मीच समजायचं का, काका?"

पावसाचे मोठे थेंब सुरू झाले. टूर माझी होती, माणसं माझ्या भरवशावर आली होती. मी म्हटलं, "बाळाराम, होडी काढा. आता निघालंच पाहिजे."

तो एकदम उठला. मला वाटलं होतं भांडेल, रडेल. पण होडीत बसलेल्या माणसांची जबाबदारी आपली, हे त्याच्या रक्तातच होतं. त्यानं पानाला हात जोडले, आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "आता मागं कुनी बघू नका. पान ठेवून निघालं की मागं वळून बघत नसतात."

परतताना

परतताना समोरून पाऊस आणि बाजूनं वारा. हरीशभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. बाळाराम वल्ही मारत होता. वल्ही मारणारा माणूस ज्या दिशेनं होडी जाते तिकडे पाठ करून बसतो, म्हणजे बेट त्याच्या अगदी समोर होतं. त्यानं मान खाली घातली होती आणि पायांकडे बघत तो वल्ही ओढत होता. त्या माणसाला बेटाकडे न बघता घरी यायला किती कष्ट पडत होते ते मी बघत होते.

थोडं अंतर गेल्यावर तो मान वर न करता म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्यातल्या नाय. तुम्हाला चालतं. तुमचा तो लांबचा लेन्स लावा आन बघा."

मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कॅमेरा काढला, लांबची लेन्स चढवली, वळले. होडी हलत होती, काचेवर पाणी येत होतं. मोठ्या मुश्किलीनं कातळ सापडला. पान होतं. भात होता. कपबशी उलटली होती. बाकी काही नाही. सवयीनं बटण दाबलं गेलं.

"शिवला?" बाळारामनं विचारलं.

पंचशील मी लहानपणापासून म्हणते. मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. वडिलांनी आम्हाला त्याचा अर्थ मारून मारून पाठ करून घेतला होता.

"शिवला," मी म्हटलं.

त्याच्या हातातली वल्ही थांबली. होडी वाऱ्यानं जराशी वळली. तो रडला नाही, हसला नाही, नुसता श्वास सोडला. मग मागच्या टोकाला काहीतरी खुडबुडलं. बेटाकडे पाठ करून बसलेल्या यमुनाताईनं आपल्या पिशवीतून डबा काढला होता. तिनं भाकरी काढली, तिच्यावर चटणी ठेवली, आम्हा चौघांच्या गुडघ्यांवरून हात लांब करून ती त्याच्यापुढे धरली.

"खा आता," ती म्हणाली. "कवापासनं उपाशी हायस."

भर पावसात, वल्ही काखेत धरून, बाळारामनं ती भिजलेली भाकरी खाल्ली. यमुनाताई त्याच्याकडे बघत होती. मी कॅमेरा पिशवीत घातला. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि कशाची ते कळत नव्हतं.

कॅम्प चार

दसऱ्याच्या सुमाराला बाळाराम स्टुडिओत आला. डोक्यावर बोटभर केस आले होते. बाहेर रिक्षांचा गोंगाट चालला होता आणि तो पायरीवर चपला काढून आत आला, देवळात आल्यासारखा. मला वाटलं आईचा फोटो मोठा करून घ्यायला आला असेल.

"त्या दिवशीचा कावळ्याचा फोटो पायजे व्हता," तो म्हणाला. "तुम्ही बटन दाबलेलं मी ऐकलं."

आता काय करायचं? फोटो खराब झाला, पाणी गेलं आत, असं म्हणता आलं असतं. किंवा दोन दिवसांनी या म्हणून, समोरच्या तारेवरचा एखादा कावळा कॉम्प्युटरवर उचलून त्या कातळावर बसवता आला असता. मेलेल्या माणसांना न घातलेला कोट चढवणं हे आमच्या धंद्यात रोजचंच आहे. मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण मी ड्रॉवर उघडला, पाकीट काढलं आणि तो फोटो होता तसा काउंटरवर ठेवला. माझ्याच्यानं आणखी काही होईना.

तो वाकून बघत राहिला. पाऊस, कातळ, पान.

"भात हाय तसाच हाय," तो म्हणाला.

मी ड्रॉवर लावून घेतला.

"तसं चोच लावली तरी बास असतं. खायालाच पायजे असं नाय."

"हो," मी म्हटलं.

त्यानं फोटो उलटा करून ठेवला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "पन शिवला ना, ताई?"

होडीत पाऊस होता, वारा होता, विचार करायला वेळ नव्हता. इथं डोक्यावर ट्यूबलाइट होती आणि मला हवा तेवढा वेळ होता.

"शिवला."

त्यानं मान हलवली. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाला, यमुनाताईकडे जायचं होतं, तिनं जेवायला बोलावलं होतं. फोटो त्यानं घेतला नाही. पाकिटात घालून मी पुढे केला तेव्हा त्यानं तो दोन बोटांनी हळूच माझ्याकडे सरकवला.

"ह्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. यमी आता बोलाया लागलीय माझ्याशी. तिच्या नजरंला नको पडाया."

तो चपला घालून गेला. फोटो माझ्याकडेच आहे. अशा लेखाबरोबर फोटो छापायची पद्धत असते, संपादकांनी मागितलेही होते, मी दिले नाहीत. खापरी हे त्या बेटाचं खरं नाव नाही, माणसांचीही नावं मी बदलली आहेत. यमुनाताई अंबरनाथला राहतात, आणि त्या वाचतात.